तुडील ते दुबई : अंतर आणि प्रवासकाल

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडील व आसपासच्या गावांचा आखाती देशांशी नोकरीच्या निमित्ताने निकटचा संबंध आहे. मुंबई-दुबई प्रवास 'तीन तासांचा' असे सर्रास म्हटले जाते. या तीन तासांत नेमके काय मोजलेले असते, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

दोन विमानतळांमधील अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो ते बृहद्वृत्त होय; पृष्ठभागावरील न्यूनतम अंतर त्यावरच मिळते. मुंबई (उत्तर अक्षांश १९·१, पूर्व रेखांश ७२·९) व दुबई (२५·३, ५५·४) यांमधील कंस सुमारे १७·३ अंशांचा भरतो. अंशास १११·२ किलोमीटर धरता अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर येते. विमाने ठरलेल्या हवाईमार्गांनी जात असल्याने प्रत्यक्ष मार्ग याहून काहीसा अधिक असतो.

कालाचे गणित इतके सरळ नाही. हिवाळ्यात मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दुबईस तेथील ११-४५ वाजता उतरते व परतीचे विमान दुपारी १ वाजता निघून येथील ५-१५ वाजता पोचते, असे समजू. घड्याळाप्रमाणे जाण्यास पावणेदोन तास व येण्यास सव्वाचार तास लागले. या दोहोंची सरासरी तीन तास. प्रमाणवेळांतील फरक बेरजेत आपोआप नाहीसा होतो. दोहोंतील फरकाचा निम्मा सव्वा तास आहे. प्रमाणवेळांतील फरक मात्र दीड तासाचा. उरलेली १५ मिनिटे वाऱ्याची होत. उंचावरील पश्चिमी वारे जाताना विमानास तितके अडवितात व येताना तितकेच पुढे रेटतात. जूनमध्ये या वाऱ्यांचा पट्टा हिमालयाच्या उत्तरेस सरकतो व हा फरक घटतो.

म्हणजे आकाशातील टप्प्याचा काल काही मिनिटांच्या अंतराने आधी सांगता येतो. जमिनीवरील टप्प्याचे तसे नाही. तुडीलहून प्रथम महाड गाठावे लागते. तेथून मुंबई विमानतळ सडकेने सुमारे १७० किलोमीटर. हे अंतर हवाई अंतराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तरी त्यास चार-पाच तास सहज लागतात. पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील जुना पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेथील नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ पनवेलनजीक असल्याने सडकेचा टप्पा आखूड होतो, हे खरे. परंतु जो भाग वाचतो तो पनवेलच्या उत्तरेकडचा. दक्षिणेकडची सडक तीच राहते. सबब महाड-पोलादपूरच्या प्रवाशाचा प्रवासकाल काढताना दोन विमानतळांमधील काल हा केवळ एक घटक, आणि तोही सर्वांत कमी अनिश्चित घटक, मानणे युक्त होय.