विमान पडतें तेव्हां चौकशी कोणाची?

घाटकोपरच्या डोंगरांकडे आज जो कोणी पाहील, त्याला तेथील दाट वस्ती तेवढी दिसेल. १९४९ सालीं याच डोंगरांतील एका घटनेनें भारत, हॉलंड व अमेरिका हे तीन देश एका ढिगाऱ्याभोंवतीं आणून उभे केले होते, याची आठवण आतां फारच थोड्यांस असेल.

जुलैची १२ तारीख होती. आषाढाचे दिवस, डोंगरमाथे ढगांनीं झांकलेले. इंडोनेशियाहून ॲमस्टरडॅमकडे परत चाललेलें, के. एल. एम. या डच कंपनीचें ‘फ्रानेकर’ नांवाचें चार एंजिनांचें कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईस येत होतें. सांताक्रूझच्या विमानतळावर उतरण्याच्या बेतांत असतां तें ६७४ फूट उंचीच्या टेकडीवर आदळलें, आणि आंतील ४५ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. मृतांत १३ अमेरिकन वार्ताहर होते. १९३१ चें पुलिट्झर पारितोषिक मिळविणारे एच. आर. निकरबॉकर हे त्यांपैकींच एक. इंडोनेशियांतील परिस्थिति दाखविण्यासाठीं डच सरकारनें त्यांना तिकडे नेलें होतें.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावरून त्या वेळीं भारत व हॉलंड यांचे संबंध चांगलेच ताणलेले होते. त्याच सालच्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं या प्रश्नासाठीं आशियाई राष्ट्रांची परिषद दिल्लीस भरविली होती. आतां डचांचें विमान भारताच्या भूमीवर पडलेलें. त्यांतील वार्ताहर अमेरिकन. आणि तें विमान बांधलेलेंहि अमेरिकेंतील लॉकहीड कारखान्यानें. चौकशी करावी कोणीं, आणि ती खरी मानावी कोणीं?

खेड्यांतील माणसाला हा पेंच नवा वाटणार नाहीं. एका गांवची गाडी दुसऱ्या गांवच्या शिवेंत उलटली, तर पंचनामा तेथील पाटलानेंच करावयाचा. कारण चाकोरी, खळगा, मोडलेलें चाक हें सारें त्याच्या डोळ्यांपुढें असतें. पण बैल कसे होते, गाडीवान किती रात्रींचा जागा होता, हें गाडीवाल्याच्या गांवीं ठाऊक. आणि कणा कोणत्या लांकडाचा व तो किती ओझें सोसणारा, हें सांगेल तो तिसऱ्याच गांवचा सुतार. तिघेहि आपापलें अंग काढून घेऊं लागले, तर कणा कां मोडला हें कधींच कळावयाचें नाहीं, आणि त्याच सुताराच्या दुसऱ्या गाड्या रस्त्यानें चालतच राहतील.

राष्ट्रांनीं या पेंचावर काढलेला तोडगा १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें झालेल्या करारांत आहे. त्याच्या २६ व्या कलमानें असें ठरलें कीं, एका देशाचें विमान दुसऱ्याच्या हद्दींत पडून माणसें दगावलीं, तर चौकशी त्या हद्दीच्या देशानें करावी. विमान ज्याच्या दप्तरीं नोंदलेलें असेल त्या देशास निरीक्षक नेमण्याची संधि द्यावी, आणि निष्कर्षांसह अहवालहि त्यास कळवावा. भारत व हॉलंड हे दोघेहि १९४७ च्या मार्चमध्यें या करारांत सामील झाले होते. त्यामुळें राजकारणांत कितीहि वितुष्ट असलें, तरी घाटकोपरच्या चौकशीचा अधिकार भारताचा व तेथें हजर राहण्याचा हक्क हॉलंडचा, हें आधींच ठरून गेलेलें होतें. अमेरिकेला मात्र या कलमांत जागा नव्हती. मृतांच्या देशाचें नांव त्यांत नाहीं आणि सुताराचेंहि नाहीं! ही उणीव लहानसहान नव्हे.

ती पुढें भरून काढण्यांत आली. १९५१ च्या एप्रिलांत आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेनें कराराचें १३ वें परिशिष्ट मंजूर केलें व नंतर त्यांत वेळोवेळीं भर घातली. आज विमान चालविणाऱ्या कंपनीचा देश, त्याचा आराखडा करणारा देश व तें बांधणारा देश यांनाहि आपले अधिकृत प्रतिनिधि व सल्लागार चौकशींत बसवितां येतात. ज्यांचे नागरिक दगावले, ते देशहि तज्ज्ञ पाठवून जागा पाहूं शकतात, प्रेतांची ओळख पटविण्यास साहाय्य करूं शकतात, आणि अहवालाची प्रत त्यांस मिळते. चौकशीचा हेतु मात्र एकच सांगितला आहे: तसा अपघात पुन्हां होऊं नये. दोष कोणाच्या माथीं मारावा, हें तिनें ठरवावयाचें नाहीं. ज्याच्या घरचें माणूस गेलें, त्याला हें पटणें कठीण, आणि त्याबद्दल त्यास कोणी बोल लावूं नये. त्याच्यासाठीं न्यायालयाचा मार्ग निराळा आहे.

तो मार्गहि कधीं कधीं सातासमुद्रांपलीकडे जातो. १ जानेवारी १९७८ रोजीं सांताक्रूझहून दुबईस निघालेलें एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोरील समुद्रांत कोसळून २१३ माणसें बुडालीं. विमान भारताचें, चौकशीहि भारताची. कप्तानापुढील, विमानाचा कल दाखविणारें यंत्र बिघडल्यानंतर, त्यास आपल्या स्थितीचें भान राहिलें नाहीं, असें तींत दिसून आलें. परंतु विमान व यंत्रें अमेरिकन असल्यामुळें कारखानदारांवरील दावा अमेरिकेंत सीॲटल येथें चालला, आणि १९८५ सालीं तेथील न्यायाधीशांनीं तो फेटाळला.

१२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें बोइंग विमान उड्डाण करतांच पडलें. विमानांतील २४१ व जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा अंत झाला. त्यांत ब्रिटिश, पोर्तुगीज व कॅनडाचे नागरिक होते. चौकशी भारताच्या, २०१२ सालीं स्थापन झालेल्या विमान-अपघात अन्वेषण विभागाकडे आली. विमान बांधणारा देश म्हणून अमेरिकेचे प्रतिनिधि आले, ब्रिटनचे तज्ज्ञ आले, आणि लोक जिला काळी पेटी म्हणतात (तिचा रंग खरें पाहतां नारिंगी असतो) त्या नोंद-यंत्रांतील माहिती दिल्लींतच वाचण्यांत आली. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यावा, असा परिशिष्टाचा दंडक आहे. तो १२ जुलै रोजीं प्रसिद्ध झाला. घाटकोपरच्या अपघातास त्या दिवशीं ७६ वर्षें पुरीं झालीं होतीं.