बंदुकीची जोडणी, भाग ७ : नळीची सावली

बंदुकीवर टॉर्च-दुर्बीण बसवायच्या पिकाटिनी रेलच्या खाचांचं माप मागच्या आठवड्यात पाहिलं: रुंदी ५.२३ मिलिमीटर, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत साधारण १० मिलिमीटर. अमेरिकी लष्कराने १९९५ साली हे माप पक्कं केलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची माउंट एकाच रेलवर बसू लागली. पण बसतंय म्हणून ते योग्य जागी बसलंय, असं नव्हे.

अमेरिकेत एआर-१५वर टॉर्च लावणारे बरेच जण आधी लुमेन बघतात आणि माउंट मिळेल ते घेतात. माझ्या मते उलट करावं. आधी अंगठा कुठे पोचतो ते बघावं.

रायफल खांद्याला लावा, अर्थात रिकामी, आणि समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. उजखोऱ्या माणसाचा डावा हात हँडगार्डवर असतो आणि त्याचा अंगठा आपसूक दहा-अकराच्या जागी येतो. बारावर टॉर्च लावली तर ती दुर्बिणीच्या वाटेत येते. सहावर लावली तर रायफल भिंतीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवताना आपटते, शिवाय मागचं बटण अंगठ्याला सापडत नाही. टॉर्चला बाजूच्या रेलवरून वर, अकराच्या दिशेने नेणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा म्हणजे तिरकं माउंट.

आता सावली. टॉर्चची काच नळीच्या तोंडाच्या मागे असली की नळी उजेडाचा एक तुकडा अडवते. अकरावरच्या टॉर्चची सावली उजवीकडे खाली पडते. काचेचा मध्य नळीपासून ३० मिलिमीटरवर आणि नळीचं तोंड काचेच्या ६० मिलिमीटर पुढे असेल, तर त्या बाजूला साधारण २७ अंशांपर्यंत उजेड मोकळा जातो. तिथेच १५० मिलिमीटरचा सायलेन्सर चढवला की हा कोन आठ अंशांवर येतो. सायलेन्सर नळीहून जाड, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. इथे लुमेन वाढवून काही साधत नाही, टॉर्च पुढे सरकवावी लागते. फार पुढे नेली तर काचेवर काजळी धरते आणि अंगठा पुन्हा अपुरा पडतो. मग वायरचं दाबबटण आलं, आणि वायर कुठे ना कुठे अडकतेच.

मॅगपुलची एम-लॉक पद्धत, म्हणजे रेलऐवजी हँडगार्डमध्येच खाचा, २०१४ साली आली. अशा हँडगार्डवर रेलचा तुकडा आणि त्यावर माउंट अशी चळत रचू नये. थेट खाचेत बसणारं माउंट घ्यावं. काही हँडगार्डना ४५ अंशांवरही खाचा असतात. तिथे तिरक्या माउंटवर पैसे घालवायचं कारणच नाही, सरळ माउंट आपोआप तिरकं बसतं. टॉर्चच्या बुडाला शुअरफायरच्या स्काउटसारखी दोन स्क्रूंची बैठक असेल तर माउंटची निवड मोठी. नुसती गोल नळकांडी असेल तर कडीचं माउंट लागतं, आणि कडीचा आतला व्यास टॉर्चच्या अंगाशी तंतोतंत जुळायला हवा.

पिकाटिनीवर बसवताना माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून मगच स्क्रू आवळावा. धक्क्याने रायफल मागे येते, माउंट जडत्वाने पुढे राहू पाहतं. तेव्हा खाचेची भिंत त्याला आधीच टेकलेली बरी. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर लावावा आणि वरून रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे स्क्रू सैल झालेला लगेच दिसतो.

पुढच्या भागात दाबबटणं आणि त्यांच्या वायरी.