सतरा मिलिसेकंदांची काच

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकासाठी सात इंची टचस्क्रीन मिळतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर कुणालाही उघडून वाचता येतो आणि त्यात १७ हा आकडा सापडतो. दर १७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण ६० वेळा, संगणक पडद्याकडे चौकशी करतो: कुणी बोट लावलंय का? मधल्या वेळात टेकलेलं बोट पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतं. फोटो बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. ज्याला या पडद्यातून वाद्य बांधायचंय, त्याची मात्र झोप उडते.

कारण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले, तर प्रत्येक भागाला १२५ मिलिसेकंद येतात. त्यातले १७ इकडेतिकडे होणं म्हणजे आठव्या हिश्श्याहून जास्त चूक. शिवाय ही चूक ठरलेली नसते. एक टिचकी लगेच ऐकू येते, पुढची अडखळत. उशीर दर वेळी सारखा असेल तर हात त्याची सवय लावून घेतो. हुलकावणी देणाऱ्या उशिराची सवय होत नाही.

स्पर्शाने चालणारं असलं यंत्र बांधायची हौस तशी जुनी. टोरोंटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये अनेक बोटं एकदम ओळखणारा पृष्ठभाग केला. पाठोपाठ तिथेच बिल बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी स्पर्शाची पाटी बनवली. बक्स्टन स्वतः संगीताच्या वाटेने संगणकाकडे आलेले. बोर्दोच्या जॅझम्युटंट कंपनीने २००५ मध्ये ‘लेमूर’ हा अनेक बोटांचा पडदा खास संगीतकारांसाठी बाजारात आणला, आयफोनच्या दोन वर्षं आधी. पण तो स्वतः आवाज काढत नसे. आवाजासाठी शेजारी वेगळा संगणक लागे, आणि किंमत हौशी माणसाच्या खिशाबाहेरची. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला, त्याचा पडदा २०१५ मध्ये, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावरही हे काम शक्य झालं.

या कुळातलं सर्वांत चिवट यंत्र म्हणजे ‘झिंथियन’. फर्नांडो मोयानो यांनी स्पेनमध्ये २०१५ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प पूर्ण खुला आहे. आराखडा घ्या, सुटे भाग जमवा, नाहीतर तयार संच मागवून घरी जोडा. आत रास्पबेरी पाय, त्यावर ध्वनीचं कार्ड, समोर टचस्क्रीन. पोटात मुक्त सॉफ्टवेअरचा बाजार भरलेला: रोमानियाच्या पॉल नास्का यांचं झिनअॅडसबएफएक्स, हॅमंड ऑर्गनची नक्कल करणारं सेटबीफ्री, आणखी बरंच काही. आणि पडद्याच्या बाजूला चार नॉब. टचस्क्रीन असताना नॉब कशाला, असं नवख्याला वाटतं. रंगमंचावर अंधारात, नजर साथीदाराकडे असताना आवाज थोडा कमी करून पाहावा, म्हणजे उत्तर मिळतं. काचेवर बोटाला काहीच चाचपडता येत नाही.

आवाजाची वाट मात्र काचेपेक्षा बरीच नीट आहे. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने ध्वनी तयार होतो, पण एकेक नमुना पाठवला जात नाही. दोन बादल्या ठेवलेल्या असतात: एक स्पीकरकडे रिकामी होत असताना दुसरी भरायची. या बादलीला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा असेल तर दोन्ही मिळून ५.३ मिलिसेकंद, २५६ चा असेल तर १०.७. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून साडेतीन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यासारखं. एवढं चालतं. बफर आणखी लहान केला आणि प्रोसेसरला तो वेळेत भरता आला नाही, की ‘टक्’ असा आवाज होतो. त्याला असली यंत्रं बांधणारी मंडळी एक्सरन म्हणतात आणि सापाचं नाव घ्यावं तसं दबकत घेतात.

हे टळावं म्हणून लिनक्सच्या गाभ्यात ‘आत्ताच्या आत्ता’ची शिस्त आणणारे बदल सुमारे वीस वर्षं बाहेरून जोडले जात होते. ते मुख्य गाभ्यात सामील झाले २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीत. कारखान्यातल्या यंत्रांइतकाच त्याचा फायदा एका हौशी की-बोर्डवाल्याला व्हावा, ही गंमतच.

म्हणजे आवाज पाच मिलिसेकंदांत तयार, आणि काच सतरापर्यंत अडवून बसलेली. त्यात या काचेला दाब कळत नाही. बोट आहे की नाही आणि कुठे आहे, एवढंच ती सांगते. हळू मारलं की जोरात, तिला सारखंच. तिच्यावर तबल्याचा ठेका धरायचा हट्ट सोडलेला बरा. ठेक्यासाठी यूएसबीने रबरी पॅड जोडावेत.

पण मींड? इथे काच पेटीला मागे टाकते. पेटीच्या पट्ट्यांमधून सा ते म सरकत जाता येत नाही. काचेवर बोट घसरतं तसा स्वर घसरतो. मिडी या डिजिटल वाद्यांच्या सांकेतिक भाषेत स्वर वाकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत. फक्त नेहमीची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांची असते, ती वाढवून घ्यावी लागते. अर्ध्या सेकंदाच्या मींडेत पडदा जेमतेम तीस जागा सांगतो, म्हणून मधलं अंतर प्रोग्रामने गुळगुळीत करावं लागतं. त्यात आणखी थोडा उशीर होतो, पण मींडेत तो कुणाला खुपत नाही. झिनअॅडसबएफएक्सला स्वरांतरांची स्काला फाइलही देता येते. बारा सारख्या भागांत न बसणारा गंधार त्यातून मिळतो. आवाज बनवणारी सगळीच सॉफ्टवेअरं इतकी लवचीक नसतात.

आता रडगाणं, आणि ते मोठं आहे. रास्पबेरी पाय ४ चा स्वतःचा हेडफोन जॅक संगीताच्या लायकीचा नाही, पाय ५ वर तो काढूनच टाकलाय, आणि माइक आत घ्यायची सोय कशावरच नाही. म्हणून ध्वनीचं कार्ड वेगळं घ्यावंच लागतं. प्रोसेसर ८० अंशांवर गेला की आपोआप वेग कमी करतो. सुंदर लाकडी खोका बांधावा तर आत भट्टी होते, पंखा लावावा तर त्याची घरघर माइकमध्ये शिरते.

सगळ्यात फसवा वीजपुरवठा. वीजदाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि वेग उतरतो. टक् टक् सुरू झालं की माणूस रात्रभर बफरचे आकडे बदलत बसतो आणि दोष मोबाइलच्या जुन्या चार्जरचा निघतो. शिवाय बंद करण्याची रीत आहे: मेनूतून बंद करायचं, मग प्लग काढायचा. कार्यक्रम संपल्यावर ध्वनिक्षेपकवाला एक्स्टेन्शन बोर्ड खसकन उपसतो, तेव्हा नेमकं मेमरी कार्डवर काही लिहिलं जात असेल तर पुढच्या वेळी यंत्र उठत नाही. कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवायची युक्ती आहे, पण मग त्या रात्री सुचलेला नवा आवाजही साठवला जात नाही. बहुतेक जण शेवटी तयार केलेलं दुसरं कार्ड वायरींच्या पिशवीत ठेवतात.