स्टेशनावर थांबलेला कुत्रा

सिनेमा पाहून रडू आले असे सांगायला मोठ्या माणसाला जरा संकोच वाटतो. त्यातून तो सिनेमा कुत्र्याचा असला तर विचारूच नका. आपल्या बोलीत कुत्र्याला मान तरी कुठे आहे? शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते त्याचे, वाईट मरण आले तर तेही त्याचेच, आणि गाडीखालून चालताना गाडी आपणच ओढतो असा गर्व झाला तर तोही त्यालाच. पण हीच बोली खाल्ल्या भाकरीला जागणाऱ्याची गोष्ट काढते, तेव्हा पहिले नाव कुत्र्याचे घेते.

असा भाकरीला जागलेला एक कुत्रा जपानात होऊन गेला. त्याचे नाव हाचि. लोक लाडाने हाचिको म्हणत. त्याच्यावर १९८७ साली जपानात आणि २००९ साली अमेरिकेत चित्रपट निघाला. अमेरिकेतला चित्रपट आता आपल्या खेड्यापाड्यांतही मोबाईलवर, टीव्हीवर पाहिला जातो, आणि पाहणारा डोळे पुसत उठतो. असे का होते, ते आज पाहू.

आधी खरी हकिकत. हाचिचा जन्म १९२३ च्या नोव्हेंबरात, जपानच्या उत्तर भागातल्या अकिता प्रांतात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. दोन महिन्यांचे पिल्लू आगगाडीने टोकियोला आले ते हिदेसाबुरो उएनो नावाच्या प्राध्यापकांकडे. हे गृहस्थ शेतकीचे. शेतांची आखणी कशी करावी, पाण्याचा निचरा कसा काढावा, हा त्यांचा विषय. आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बांधावर ते सहज शोभून दिसले असते! हाचि त्यांना शिबुया स्टेशनावर पोचवायला आणि आणायला जाई. २१ मे १९२५ रोजी प्राध्यापक कामावर असतानाच मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. कुत्रा मात्र स्टेशनावर येत राहिला, तो ८ मार्च १९३५ ला स्वतः मरेपर्यंत. हिशेब करा. संगत सोळा महिन्यांची, आणि वाट पाहणे जवळजवळ दहा वर्षांचे.

कुत्रे आपल्या पुराणांतही आहे. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पण या गोष्टींत शेवटी कुत्र्याच्या रूपात देव निघतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. हाचि शेवटपर्यंत कुत्राच राहतो. कोणी प्रकट होत नाही, कोणी वर देत नाही. माझ्या मते निम्मे रडू इथेच आहे.

उरलेले निम्मे कुठले, ते मला अंबड तालुक्यातल्या एका गावात कळले. दिवाळी होऊन गेली होती. एका गुरुजींनी शाळेच्या वर्गात हा सिनेमा लावला. पोरे पुढे, काही आज्या-आजोबा मागे भिंतीला टेकून. बोली इंग्रजी, पण कोणाचे काही अडले नाही. कुत्रा स्टेशनाबाहेर बसला, पाने गळाली, बर्फ पडला, कुत्रा म्हातारा झाला. याला कसली भाषा लागते? मध्येच एका आजीबाईंनी मोठ्याने विचारले, "मास्तर, त्याला कुणी सांगितलंच नाही का, मालक गेला म्हणून?"

गुरुजी म्हणाले, "सांगून त्याला कळंल का, आजी?"

"कळंल न कळंल. सांगावं तर लागतंय."

यावर कोणी बोलले नाही. एक पोरगी तोंडावर ओढणी घेऊन रडत होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, हे मला नंतर कळले.

जालना जिल्ह्यातल्या श्रोत्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून नवरा-बायकोचे 'कोयते' मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. पाच-सहा महिने घराला कुलूप असते. कुठे लेकरे बरोबर जातात आणि शाळा बुडते. कुठे ती आजीजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. कुत्र्याला कोणी काही सांगत नाही. ते कुलपासमोर बसते. त्या वर्गातली माणसे जपानी कुत्र्यासाठी रडत होती असे ज्याला वाटेल, त्याने खुशाल वाटून घ्यावे.

मुलांचा प्रश्न वेगळाच होता. "सर, त्याला गाडीचा टाईम कसा कळायचा?" शिक्षक बंधूंना हा प्रश्न हमखास येईल, म्हणून सांगतो. कुत्र्याला घड्याळ कळत नाही, पण दिवसाची सवय पक्की कळते: भूक, ऊन, रस्त्यावरची वर्दळ, ठरावीक आवाज. माणसाचा वास आणि पावलांचा आवाज ते फार दिवस ओळखते. मरण म्हणजे काय, हे त्याला उमगते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. काही शहाणे म्हणतात की हाचि स्टेशनावर येई तो तिथल्या खाऊसाठी. खाऊ मिळत होता हे खरे. मेल्यावर त्याच्या पोटात मांस भाजायच्या काड्याही सापडल्या. पण ज्याच्या घरी कुत्रे आहे त्याला विचारा. भाकर आणि भाकर देणारा हात यांची वाटणी कुत्रे करीत नाही. ती आपण करतो.

आता सिनेमाने जे गाळले ते ऐका. अमेरिकेतल्या सिनेमात स्टेशनावरचे सगळे लोक कुत्र्याशी मायेने वागतात. खऱ्या शिबुयात पहिली सात वर्षे तसे नव्हते. स्टेशनावरची माणसे त्याला हाकलत, मारत, पोरे टवाळी करीत. ऑक्टोबर १९३२ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात त्याची हकिकत छापून आली आणि एका दिवसात तोच कुत्रा सगळ्यांचा लाडका झाला. १९३४ च्या एप्रिलमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, तेव्हा तो स्वतः समारंभाला हजर होता. महायुद्धात धातूसाठी तो पुतळा वितळवला; १९४८ साली नवा बसवला, तो आजही आहे.

आणि एक बाई होती, याएको साकानो. प्राध्यापकांबरोबर तिने संसार केला, पण लग्न कायद्याने नोंदलेले नव्हते. ते वारल्यावर तिला घर सोडावे लागले, म्हणून कुत्र्याचेही घर सुटले; काही घरे फिरून तो अखेर त्यांच्या जुन्या माळ्याकडे राहिला. कुत्र्याचा पुतळा झाला. ही बाई १९६१ साली वारली, आणि तिच्या अस्थी प्राध्यापकांच्या समाधीत ठेवायला २०१६ साल उजाडले. तिच्यावर सिनेमा निघाला असता तर एवढी माणसे रडली असती का, मला शंका आहे. मुक्या जनावरावर माया करणे सोपे असते. ते हक्क मागत नाही, घराचे कागद मागत नाही.

शिक्षकांना एकच सुचवतो. हा सिनेमा दाखवलात तर दिवे लावून मुलांना लगेच घरी पाठवू नका. आजीबाईंचा प्रश्न वर्गात विचारा. ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्या मुलांना, पट्टा कधी पडणार आणि माणसे कधी परत येणार, ते कोणी सांगितले आहे का ते पाहा. नसेल तर फोन लावून द्या.

पाडव्याच्या सुमारास गावाच्या शिवेवर ट्रॅक्टर वाजायला लागतात. कोणता आपला, ते ट्रॉलीतली माणसे दिसायच्या आत घरच्या कुत्र्याला कळलेले असते. ते शेपूट हलवीत वेशीच्या बाहेर पळत सुटते, आणि त्याच्यामागे पोरे.