राइट-क्लिकचा मेनू अडतो कुठे?

फोटो लहान करणारी कमांड मेनूत कशी बसवायची, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण मध्यंतरी एका वाचकांचा प्रश्न आला आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय मेनूत आणखी भर घालणं बरोबर नाही. त्यांच्याकडे डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक केलं तर मेनू लगेच उघडतो, फाइलवर केलं तर मात्र बराच वेळ चक्र फिरत राहतं. कॉम्प्युटर जुना झाला का, असं त्यांनी विचारलंय. जुना झाला असता तर दोन्हीकडे सारखाच वेळ लागला असता. फाइलच्या मेनूत कोण कोण येऊन बसलंय, ते बघायला हवं.

मागच्या वेळी आपण विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘शेल’ या कीखाली जी नोंद केली, ती नुसती लिहिलेली नोंद होती: मेनूत दिसणारं नाव, आणि त्याखाली ‘कमांड’ या कीत प्रोग्रॅमचा पत्ता. मेनू उघडताना एक्सप्लोरर ती वाचतो आणि दाखवतो, बस. तुम्ही क्लिक करेपर्यंत तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही. पण तिच्या शेजारीच ‘शेलएक्स’ नावाची की असते आणि तिच्या पोटात ‘कॉन्टेक्स्टमेनूहँडलर्स’. तिथे महिरपी कंसातला एक लांबलचक क्रमांक दिसतो, तो एखाद्या डीएलएलचा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चढवता येणाऱ्या कोडच्या फाइलचा असतो; तिलाच हँडलर म्हणायचं. राइट-क्लिक झाल्याबरोबर एक्सप्लोरर ती डीएलएल स्वतःच्याच प्रोसेसमध्ये चढवतो, निवडलेल्या फाइली तिला सांगतो, मेनूत काय घालायचंय ते विचारतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. असे दहा हँडलर असतील तर दहाही जणांचं उत्तर येईपर्यंत मेनू पडद्यावर येत नाही. त्यातला एखादा बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर चौकशीला गेला की सगळेच खोळंबले. शिवाय हा परका कोड एक्सप्लोररच्या आत चालतो, म्हणून तो कोसळला तर टास्कबारसकट सगळं कोसळू शकतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपण स्वतः भर घालताना लिहिलेल्या नोंदीवरच भागवावं, आणि हँडलर जिथे त्याच्यावाचून अडतं तिथेच राहू द्यावा. यावर कुणी म्हणेल, लिहिलेली नोंद आंधळी असते, ती कुठल्याही फाइलवर उगवते. विंडोज ७ पासून तसं राहिलेलं नाही. ‘अप्लाइज टू’ या व्हॅल्यूत अट लिहिली की नोंद ठरावीक फाइलींवरच दिसते. ‘सबकमांड्स’ने पोटमेनूही करता येतो. ‘एक्स्टेंडेड’ नावाची रिकामी व्हॅल्यू घातली, तर शिफ्ट दाबून राइट-क्लिक केल्यावरच ती दिसते. क्वचित लागणाऱ्या कमांडसाठी ही सोय मला फार आवडते आणि ती इतकी कमी वापरली जाते याचं वाईट वाटतं. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. दहा फाइली निवडून आपली नोंद दाबली, तर एरवी प्रोग्रॅम दहा वेळा सुरू होतो. हँडलरला दहाही फाइली एकदम मिळतात. पण त्यासाठीसुद्धा डीएलएल लागतेच असं नाही. ‘सेंड टू’च्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमचा शॉर्टकट टाका, निवडलेल्या सगळ्या फाइली एकाच कमांडमध्ये त्याच्याकडे जातात. रन खिडकीत ‘शेल’, कोलन, ‘सेंडटू’ असं जोडून टाइप केलं की ते फोल्डर उघडतं. हे सगळं करूनही सेव्हन-झिपसारखा प्रोग्रॅम उरतोच. फाइलचं नाव घालून तयार केलेली ओळ त्याला मेनूत दाखवायची असते, तिथे हँडलर हवाच.

प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी आता करायचं ते असं. निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे मोफत साधन उघडायचं आणि यादीतून फक्त कॉन्टेक्स्ट मेनूचे हँडलर निवडायचे. मायक्रोसॉफ्टचे नसलेले त्यात गुलाबी रंगात दिसतात. त्यातले निम्मे बंद करायचे, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करून बघायचं. मेनू झटकन उघडला तर दोषी बंद केलेल्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. दर वेळी निम्मे करत गेलं की चार-पाच फेऱ्यांत एकाच नावावर बोट ठेवता येतं. यात काहीही पुसलं जात नाही, बंद केलेलं परत चालू करता येतं.

विंडोज ११ ने हा प्रश्न सोडवला, असंही म्हटलं जातं. २०२१ मध्ये आलेला तो आखूड मेनू याच गर्दीवरचा उपाय होता: नव्या पद्धतीने नोंदवलेली ॲप्सच पहिल्या मेनूत, बाकी सगळं ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे. पण मागे ढकलताना गुंता करणारा हँडलर आणि आपली निरुपद्रवी ओळ यांत फरकच केला नाही. दोन्ही एकाच रांगेत गेले. आणि तो मागचा मेनू उघडला की जुने हँडलर पूर्वीसारखेच एकेक करून विचारले जातात. हे दुखणं सगळ्या फाइल मॅनेजरांच्या नशिबी आहे असंही नाही. लिनक्सवर केडीईच्या डॉल्फिनमध्ये सर्व्हिस मेनू म्हणजे साधी मजकुराची फाइल, थुनारमध्ये ‘कस्टम ॲक्शन्स’च्या खिडकीत कमांड टाइप केली की झालं, सामान्य वापरणाऱ्याची बहुतेक कामं तेवढ्यात होतात. विंडोज ११ वापरणाऱ्यांनी सध्या शिफ्ट दाबून राइट-क्लिक करावं, म्हणजे जुना मेनू थेट उघडतो. फोटोंची कमांड पुढच्या आठवड्यात तिथेच बसवू, आणि ‘सेंड टू’च्या वाटेने.