‘सेंट बर्नार्ड’ हें नांव कसें पडलें ?

धिप्पाड देह, लोंबते कान व शांत मुद्रा असलेला सेंट बर्नार्ड कुत्रा आमच्या वाचकांनीं निदान चित्रांत तरी पाहिला असेल. एका मुक्या प्राण्याच्या नांवामागें ‘सेंट’ म्हणजे ‘संत’ ही पदवी कशी लागली, याचा उलगडा येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘बर्नार्ड’ हें प्राचीन जर्मन भाषेंतून आलेलें नांव असून त्याचा अर्थ ‘अस्वलासारखा धीट’ असा आहे. या नांवाचे एक धर्मोपदेशक अकराव्या शतकांत इटलींतील आओस्टा येथें होऊन गेले. आल्प्स पर्वतांतील २,४६९ मीटर उंचीच्या खिंडींतून जातांना कित्येक वाटसरू हिमवर्षावांत प्राणांस मुकत. त्यांच्या आश्रयासाठीं या सत्पुरुषानें सुमारें १०५० सालीं खिंडीच्या माथ्यावर धर्मशाळा स्थापिली. पुढें त्या खिंडीस व धर्मशाळेस त्यांचेंच नांव पडलें.

सतराव्या शतकांत तेथील मठवासी बंधूंनीं राखणीसाठीं मोठे कुत्रे पाळले. धुक्यांत वाट काढण्याची व बर्फाखालीं गाडलेल्या मनुष्याचा वास ओळखण्याची त्यांची शक्ति लवकरच ध्यानांत आली. १८०० सालीं जन्मलेल्या ‘बॅरी’ नांवाच्या कुत्र्यानें चाळीसांहून अधिक जीव वांचविले, असें सांगतात. त्याचा देह बर्न येथील पदार्थसंग्रहालयांत आजही जतन करून ठेविला आहे. त्याच्या गळ्यांत मद्याचें लहानसें पिंप असे, ही समजूत मात्र खरी नव्हे. लँडसीर या इंग्रज चित्रकाराच्या १८२० सालच्या चित्रामुळें ती पसरली.

या कुत्र्यांस पूर्वीं ‘बॅरीचे कुत्रे’ असेंही म्हणत. ‘सेंट बर्नार्ड’ हें नांव अधिकृत झालें तें १८८० सालीं. तोंपर्यंत त्यांच्या सेवेस शतकाहून अधिक काळ लोटला होता. आतां बर्फांत अडकलेल्यांच्या सुटकेसाठीं हेलिकॉप्टर धांवतें. तरी नांव मागें राहिलें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास संताचें, तर कोणास आजोबांचें नांव पाळण्यांतच मिळालें आहे. त्या कुत्र्यांनीं काम आधीं केलें व नांव मागाहून मिळविलें. आम्हांस नांव आधींच मिळालें आहे. काम अद्याप व्हावयाचें आहे. बालमित्रांनो, आपलें नांव कोणाचें, हें आज घरीं वडील मंडळींस अवश्य विचारा.