संवेदकावरील सदोष चित्रबिंदू
अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकावरील काही चित्रबिंदू प्रकाशास प्रतिसादच देत नाहीत. त्यांस मृत म्हणतात. काही मात्र अंधारातही उजळतात. हा दुसरा दोष उष्णतेने बळावतो : तापमान सुमारे ६ ते ८ अंशांनी वाढले की अंधारप्रवाह दुप्पट होतो. शिरड शहापूर येथे वैशाखातील रात्री टिपलेल्या आकाशचित्रात असा ठिपका नवतारा भासल्यास नवल नाही. त्याच तापमानास, तितक्याच अवधीचे, झाकण लावून घेतलेले कृष्णचित्र मूळ चित्रातून वजा करावे. आयुकाच्या गिरवली येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर संवेदक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवतात, तो याचसाठी. मृत बिंदूस हा उपाय लागू नाही. शेजारच्या बिंदूंची सरासरी तेथे भरणे ही निव्वळ डागडुजी होय. संशोधकाने दुर्बीण किंचित सरकवून पुन्हा चित्र घ्यावे. खरा तारा इतर ताऱ्यांबरोबर सरकतो. दोष संवेदकावर जागच्या जागी राहतो.